तुम्ही विचारलंत म्हणून: मिठागरातल्या जंतूंनी कुणाचा आजार बरा होतो?

तुमच्या आधी हे माझी आत्या विचारते. दर चवथीला, आरती आटोपून पानं मांडेपर्यंतच्या वेळात. "एवढी शिकलीस, तर बांबोळीच्या सरकारी इस्पितळात डॉक्टरांबरोबर काम कर की! चिखल बाटलीत भरून कोण बरं होणार गो?"

आमचं घर गोव्यात, पेडण्यातल्या आगरवाड्याचं. उन्हाळ्यात मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, मिठागरात घेतलेलं पाणी आटत आलं की त्यावर गुलाबी झाक चढते. ती मिठातच जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची. त्यातल्या बऱ्याच जणांना गोड्या पाण्यात टाकलं तर ते फुटून मरतात. मग पावसाळ्यात सगळं मिठागर गोडं होतं तेव्हा हे जातात कुठे? माझं संशोधन एवढंच.

स्पेनमध्ये सांता पोलाच्या मिठागरातला असाच एक जीव फ्रान्सिस्को मोहिका हा विद्यार्थी अभ्यासत होता. त्याच्या डीएनएत एकच तुकडा ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येत होता. हे छापून आलं १९९३ साली. त्याचा अर्थ लागायला आणखी दहा वर्षं गेली. मधल्या जागांत विषाणूंचे तुकडे होते, म्हणजे शत्रूंची नोंदवहीच. नामांकित नियतकालिकांनी हे सांगणारा त्याचा निबंध परत पाठवला, शेवटी २००५ मध्ये छापला गेला. पुढे २०१२ मध्ये डाउडना आणि शारपाँतिए या शास्त्रज्ञ बाईंनी त्याच यंत्रणेतून डीएनए हव्या त्या जागी कापणारी कात्री केली. तीच क्रिस्पर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने त्यावर बेतलेल्या उपचाराला मान्यता दिली, सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारांसाठी.

आत्याच्या नातीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी बांबोळीला नेऊन रक्त चढवावं लागतं. आत्याचा प्रश्न टोमणा नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

म्हणून यंदा तिला नीट सांगितलं. हा उपचार नुसता मिठागरातून आला म्हणणं खोटं. सिकलसेल असलेल्या तान्ह्या बाळांना पहिले काही महिने त्रास होत नाही, हे १९४८ मध्ये जॅनेट वॉटसन या बालरोगतज्ज्ञ बाईंनी टिपलं होतं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, जन्मानंतर ते बंद होत जातं. कात्री चालते ती त्याला बंद करणाऱ्या खटक्यावर, म्हणजे ते पुन्हा सुरू होतं आणि बिघडलेल्या हिमोग्लोबिनची उणीव भरून काढतं. खटका ठाऊक नसता तर कात्री घेऊन करायचं काय? आणि अमेरिकेत या उपचाराची किंमत आहे २२ लाख डॉलर. हेही सांगितलं. माझ्या बाटलीतून नातीसाठी काही निघेल असं मी म्हटलं नाही. बहुतेक बाटल्यांतून काहीच निघत नाही.

आत्या बराच वेळ गप्प होती. तिची निम्मी हयात मीठ ओढण्यात गेलेली.

"पावसात जातात कुठे म्हणालीस? मानशीकडचा काळा चिखल बघितलास?"

नव्हता बघितला.