वीस टक्के म्हणजे नेमके किती

आमच्या कार्यालयातली तरुण मंडळी मला वारंवार एकच प्रश्न विचारतात: ‘ताई, डाउन पेमेंटचे पैसे तुम्ही दोघांनी साठवले तरी कसे?’ जेवणाच्या सुट्टीत या प्रश्नाला दोन वाक्यांत उत्तर देता येते, पण ते अपुरे राहते. मी एका खासगी कंपनीच्या हिशेब विभागात काम करते, माझे पती भोसरीच्या एका कारखान्यात पर्यवेक्षक आहेत, आणि मार्च २०२३ मध्ये आम्ही पुण्यातल्या धायरीत आमचा पहिला फ्लॅट घेतला. त्यासाठी पैसे साठवण्यात जवळजवळ पावणेसहा वर्षे गेली. तुम्ही विचारलंत म्हणून त्या वर्षांचा हिशेब एकदा नीट मांडते.

सुरुवात माझ्या सर्वांत मोठ्या चुकीपासून करते, कारण हा प्रश्न विचारणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात तीच चूक मला दिसते. जुलै २०१७ मध्ये मी वहीच्या पहिल्या पानावर ‘दहा लाख’ असा आकडा लिहिला होता. पन्नास लाखांचे घर, बँक ऐंशी टक्के देणार, उरलेले वीस टक्के आपले, इतका सरळ तो हिशेब होता. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंत, तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात ऐंशी टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे पंचाहत्तर टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. मात्र ही टक्केवारी ज्या किमतीवर मोजली जाते, तिच्यात मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी सहसा धरली जात नाही, ही गोष्ट मला दोन वर्षांनी कळली.

त्यामुळे आज कोणी मला साठ लाखांच्या, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटबद्दल विचारले, तर मी कागदावर असे मांडून दाखवते. बँकेचे अठ्ठेचाळीस लाख, आपले बारा लाख. पुणे शहरात मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. नोंदणी फी एक टक्का असली तरी तिला तीस हजारांची कमाल मर्यादा आहे, म्हणून ते तीस हजार. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी तीन लाख. बेरीज साडेएकोणीस लाख होते. ज्याला आपण वीस टक्के म्हणत होतो, तो घराच्या किमतीचा जवळजवळ तिसरा हिस्सा निघतो आणि त्यात दलाली, बँकेची प्रक्रिया फी, दिवे, पंखे किंवा स्वयंपाकघराच्या ओट्याखालचे कप्पे यांतले काहीही धरलेले नाही. हे गणित आधी मांडल्याशिवाय ‘दरमहा किती बाजूला ठेवू’ या प्रश्नाला अर्थ राहत नाही.

आमचा फ्लॅट पुनर्विक्रीचा होता, त्यामुळे जीएसटीचा प्रश्न आला नाही. किंमत छप्पन्न लाख ठरली. बेचाळीस लाख कर्ज घेतले आणि चौदा लाख आम्ही भरले. खरेदीखत माझ्या एकटीच्या नावावर केल्यामुळे मुद्रांक शुल्कात महिलांना असलेली एक टक्क्याची सवलत मिळाली आणि ते तीन लाख छत्तीस हजार झाले. माझ्या एकटीच्या नावाची सूचना सासूबाईंनीच केली, हे मी मुद्दाम सांगते, कारण अनेक घरांत एवढ्याच गोष्टीसाठी छप्पन्न हजारांची सवलत सोडून दिली जाते. नोंदणीचे तीस हजार, एक टक्का दलाली आणि सोसायटीचे पंचवीस हजार हस्तांतरण शुल्क धरून आकडा साडेअठरा लाखांच्या जवळ पोचला, आणि रंगकाम व बँकेचे किरकोळ खर्च झाल्यावर तो एकोणीस लाखांच्या पुढे गेला. किंमत पन्नास लाख किंवा त्याहून अधिक असेल, तर विक्रेत्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (विक्रेत्याचा आगाऊ कापलेला प्राप्तिकर) कापून तो सरकारकडे भरण्याची जबाबदारी खरेदीदाराची असते. हा जादा खर्च नव्हे, पण ते काम आपले आहे.

त्याआधी दुसऱ्या एका घराचा व्यवहार मोडला, कारण विक्रेत्याला पाच लाख रोख हवे होते आणि करारात तेवढी किंमत कमी दाखवायची होती. अशा व्यवहारात मुद्रांक शुल्क थोडे वाचते, असे सांगितले जाते. परंतु कायद्याचा प्रश्न बाजूला ठेवला तरी करारातली किंमत घटली की कर्जही घटते आणि ते पाच लाख संपूर्णपणे आपल्या साठवणीतून जातात. पहिले घर घेणाऱ्याला हा सौदा कधीच परवडत नाही.

आता प्रत्यक्ष साठवणीबद्दल. पगार पाच तारखेला होत असे आणि सात तारखेला पंधरा हजारांची आवर्ती ठेव आपोआप कापली जाई. हे खाते आम्ही पगाराच्या खात्यापासून वेगळ्या बँकेत उघडले होते आणि त्याचे एटीएम कार्ड घेतलेच नव्हते. वर्षाअखेरीस जमलेली रक्कम मुदत ठेवीत जाई. प्रत्येक पगारवाढीतला निम्मा भाग पुढच्या वर्षीच्या हप्त्यात मिळवायचा, हा एकच नियम आम्ही पाळला आणि हप्ता पंधरावरून अठरा, वीस, चोवीस असा शेवटी अठ्ठावीस हजारांपर्यंत गेला. शेवटच्या टप्प्यात माझ्या भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी तीन लाखांची उचल घेतली. त्या वेळच्या नियमांनुसार त्यासाठी पाच वर्षांचे सभासदत्व आवश्यक होते.

सर्वांत मोठी बचत मात्र कोणत्याही ठेवीत झाली नाही, ती भाड्यात झाली. कात्रजच्या एका वन बीएचकेमध्ये आम्ही ही सगळी वर्षे काढली. मुलगी शाळेत जाऊ लागल्यावर मोठे घर घ्यावे असे वाटत होते आणि भाडे पाच-सहा हजारांनी वाढले असते, तेही आम्ही भरू शकलो असतो. पण दर वेळी घर बदलताना एक महिन्याचे भाडे दलालाला, नवी अनामत रक्कम आणि सामान हलवण्याचा टेम्पो यांत जे जाते, ते मी वहीत लिहून पाहिले आणि आम्ही तिथेच राहिलो. ती अडचण खरी होती. मुलीने अभ्यास स्वयंपाकघराच्या दारात बसून केला, हे मला अजून आठवते.

‘म्युच्युअल फंडात ठेवले असते तर लवकर जमले नसते का?’ हा यातला पोटप्रश्न. पाच वर्षे दरमहा पंचवीस हजार सात टक्क्यांनी ठेवले, तर कर धरला नाही तर सुमारे सतरा लाख नव्वद हजार होतात, आणि बारा टक्के मिळाले तर वीस लाख चाळीस हजार. फरक अडीच लाखांचा आहे आणि तो लहान नाही. पण सात टक्क्यांवरच राहून हप्ता साडेतीन हजारांनी वाढवला, तरी तेच वीस लाख चाळीस हजार जमतात आणि तेही बाजारावर अवलंबून न राहता. २३ मार्च २०२० या एका दिवसात सेन्सेक्स तेरा टक्क्यांनी कोसळला होता आणि जानेवारीतल्या उच्चांकापासून एक तृतीयांशाहून अधिक खाली आला होता. पुढे तो सावरला. पण ज्याला त्याच एप्रिलमध्ये खरेदीखत करायचे होते, त्याला ते सावरणे उपयोगाचे नव्हते. वीस वर्षांनी लागणाऱ्या पैशांबद्दल माझे मत वेगळे आहे, घरासाठीच्या पैशांबद्दल नाही.

जादा व्याजाचा मोह मलाही एकदा पडला. नात्यातल्या आग्रहावरून आम्ही दीड लाख रुपये एका पतसंस्थेत दोन टक्के जास्त व्याजाने ठेवले आणि मुदत संपल्यावर ते हातात यायला अकरा महिने लागले. बँकांमधल्या ठेवींना फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा संरक्षण आहे, पतसंस्थांना ते नाही. त्या अकरा महिन्यांतली झोप आठवली की आजही मला ते दोन टक्के महाग वाटतात.

२०२० मध्ये सप्टेंबर ते डिसेंबर या काळात राज्य सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी कमी केले आणि जानेवारी ते मार्च २०२१ मध्ये दोन टक्क्यांनी. ओळखीतले सगळे म्हणत होते की आता घेतले नाही तर कधीच नाही. पतींचा पगार तेव्हा कापून येत होता, आमच्या आवर्ती ठेवीचा हप्ता तेवढ्यापुरता बारा हजारांवर आला होता आणि आमच्याकडे आठ लाखसुद्धा नव्हते. उरलेल्यासाठी वैयक्तिक कर्ज घ्या, असा सल्ला मिळाला. गृहकर्जाच्या हप्त्यावर दुसऱ्या, अधिक व्याजाच्या कर्जाचा हप्ता चढवायला मी तयार झाले नाही. थांबण्याची किंमत आम्ही मोजली, हेही मान्य करते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला आणि त्यामागोमाग गृहकर्जेही महागली. बेचाळीस लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता पावणेसात टक्क्यांना सुमारे एकतीस हजार नऊशे असतो आणि पावणेनऊ टक्क्यांना सदतीस हजार शंभर. तरीही दोन कर्जे डोक्यावर घेऊन, एकाचा पगार कापला जात असताना घर घेणे मला आजही चूकच वाटले असते.

आमच्याकडे जे होते आणि तुमच्याकडे कदाचित नसेल, ते सांगितले नाही तर हे उत्तर अप्रामाणिक ठरेल. आमच्या दोघांच्याही आईवडिलांची गावी स्वतःची घरे आहेत, आम्हाला दरमहा त्यांना पैसे पाठवावे लागले नाहीत, त्या वर्षांत मोठे आजारपण आले नाही, आणि घरात दोन पगार होते. यातला एक आधार जरी नसता, तरी आमची पावणेसहा वर्षे सहज नऊ-दहा झाली असती. तुम्हाला जास्त वेळ लागत असेल, तर त्याचे कारण शिस्तीचा अभाव असेलच असे नाही.

गेल्या आठवड्यात हाच प्रश्न विचारणारी सहकारी एकटीच्या पगारावर मोशीत बेचाळीस लाखांचा, बांधकाम चालू असलेला लहान फ्लॅट पाहून आली होती. तिच्याकडे नऊ लाख आहेत आणि वीस टक्के म्हणजे आठ लाख चाळीस हजार, म्हणून ती टोकन, म्हणजे फ्लॅट राखून ठेवण्याची सुरुवातीची रक्कम, द्यायला निघाली होती. आम्ही एकत्र बसून महिलांची सवलत धरून सहा टक्के, म्हणजे दोन लाख बावन्न हजार मुद्रांक शुल्क, तीस हजार नोंदणी आणि परवडणाऱ्या घरांच्या एक टक्का दराने बेचाळीस हजार जीएसटी मिळवला. आकडा अकरा लाख चौसष्ट हजार झाला. विक्री प्रतिनिधी तिच्याकडे नोंदणीकृत करारापूर्वी पंधरा टक्के मागत होता. घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार असा करार नोंदवण्यापूर्वी दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे मी तिला दाखवले. तिने टोकन दिले नाही. सोमवारी बँकेत जाऊन तिने आवर्ती ठेवीचा हप्ता बारा हजारांवरून सोळा हजार केला. कमी पडणारे दोन लाख चौसष्ट हजार त्या हप्त्याने साधारण दीड वर्षात जमतील आणि तोपर्यंत आपण दोघींनी रावेतलाही एकदा घरे पाहायला जाऊन यावे, असे तिने सुचवले आहे.