सत्तावन्न किलो दीडशे ग्रॅम

काट्यावर ५७.४० आकडा आला आणि हॉलमधला गलका एकदम थांबला. व्यावसायिक बॉक्सिंगमधल्या फेदरवेट वजनगटाची मर्यादा १२६ पौंड, म्हणजे ५७.१५ किलो. पाव किलो जास्त. नियमानं त्या बॉक्सरला ते उतरवायला दोन तास मिळाले.

मे महिन्यातला शुक्रवार, छत्रपती संभाजीनगरातलं एक मंगल कार्यालय, वेळ दुपारी साडेबाराची. बाहेर पारा बेचाळीसवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथंच व्यावसायिक बॉक्सिंगच्या सहा लढती होत्या. रिंग अर्धवट उभी होती, दोरांना अजून ताण दिलेला नव्हता. मी एरवी साधा फिजिशियन. पण बारा वर्षांपासून शालेय, विद्यापीठ आणि जिल्हा स्पर्धांना रिंगसाइड डॉक्टर म्हणून बसतो, अलीकडे अशा व्यावसायिक लढतींनाही. माझं काम दोन ठिकाणी असतं. आदल्या दिवशी तपासून ‘फिट’ लिहायचं आणि लढतीच्या वेळी रिंगच्या कोपऱ्याला बसून, गरज पडली तर रेफरीला हात करायचा. लोकांना दुसरं काम दिसतं. खरी जोखीम पहिल्यात आहे.

मुलाचं नाव लिहीत नाही. पंचवीस वर्षांचा, धारूर तालुक्यातला. आई-वडील ऊसतोडीला जाणारे, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत हा पोरगा उसाच्या फडाशेजारच्या कोपीत राहायचा. शाळा तुटत तुटत झाली. बारा-तेरा वर्षांचा असल्यापासून मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचा. त्याची मान मी पहिल्यांदा तपासली तेव्हा हाताला कळलं, ही जिममध्ये कमावलेली मान नव्हे. बॉक्सरला मान लागते. ठोसा बसला की डोकं जितकं कमी हलेल तितका मेंदू सुरक्षित.

हौशी बॉक्सिंगमध्ये तो ५७ मध्येच खेळायचा. विद्यापीठाची, राज्याची पदकं आहेत. सैन्यभरतीत बसला नाही, मग वय गेलं. पोलीस भरतीत दोनदा थोडक्यात हुकला. मग त्याच्या कोचनं त्याला व्यावसायिक केलं. अंगातली बनियन निघाली, दहा औंसाचे ग्लोव्हज जाऊन आठ औंसाचे आले, तीन राउंडच्या जागी चार आणि पुढे सहा. युक्रेनचा बॉक्सर लोमाचेन्को, त्याच्या पायांची हालचाल तो मोबाइलवर पुन्हा पुन्हा मागं नेऊन बघायचा. लोमाचेन्कोनं तिसऱ्याच व्यावसायिक लढतीत, २०१४ मध्ये, फेदरवेटचा जागतिक किताब घेतला, हे या पोरानंच मला सांगितलं होतं. माझ्या पोराच्या सातपैकी पाच जिंकलेल्या. माझ्या पोराच्या म्हणतोय, कारण तोपर्यंत मी तसंच धरायला लागलो होतो.

आकडा जवळजवळ तोच, ५७ आणि ५७.१५, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन. फार उतरवलं तर त्याच दिवशी मार खाशील, म्हणून मुलं बेतानं उतरवतात. व्यावसायिकमध्ये वजन आदल्या दिवशी. म्हणजे शुक्रवारी अंगातलं पाणी पिळून काढायचं, काट्यावर उभं राहायचं, शनिवारी संध्याकाळपर्यंत पाणी पिऊन चार-पाच किलो परत चढवायचे आणि हलक्या माणसासमोर जड होऊन उतरायचं. समोरचाही तेच करतो. त्यामुळे फायदा कुणालाच नाही आणि वाळतात दोघंही. याचं चालतं-फिरतं वजन चौसष्ट होतं.

त्याला आतल्या खोलीत नेलं. वधूपक्षाची खोली, भिंतीवर हळदीच्या बोटांचे ठसे. खिडक्या बंद, पंखा बंद, अंगात प्लॅस्टिकचा सूट, हातात दोरी. दहा मिनिटं दोरीवर उडून झाली तरी कपाळ कोरडं होतं. मग त्याच्या तोंडात चिंचेचं बुटुक दिलं आणि हातात पाण्याची रिकामी बाटली. चिंचेनं लाळ सुटते, ती थुंकायची, तेवढेच ग्रॅम कमी. मी दारात उभा होतो. तो बाटली तोंडाशी धरायचा, गाल आत ओढायचा, डोळे मिटायचा आणि बाटली खाली घ्यायचा. तळाला पांढरट फेसाचा एक ठिपका होता, रुपयाएवढाही नाही. चिंच तोंडात असताना माणसाला लाळ सुटत नाही, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी कुणीतरी केस कापायचं मशीन आणलं आणि त्याचं डोकं भादरलं. केस वर्तमानपत्रावर पडत होते आणि तो ते बघत बसला होता.

दीड तासानं ५७.१०. टाळ्या झाल्या, फोटो झाले. फोटोत त्यानं मुठी वर धरल्या, तेव्हा कोच मागून त्याच्या कमरेला हात लावून उभा होता. फोटोत तो हात दिसत नाही.

मग तो माझ्या टेबलावर आला.

जीभ टाळ्याला चिकटलेली. बाहेर काढ म्हटलं तर बोटानं सोडवून काढली. पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. झोपवून नाडी ११२, रक्तदाब १०८. उभं केलं, मिनिटभर थांबलो: नाडी १४४, रक्तदाब ८०. त्यानं टेबलाची कड धरली. लघवी सकाळपासून नाही.

"कसं वाटतंय?"

"एकदम ओके, सर. मला काय बी झालं न्हाई."

मी पेनाचं टोपण काढलं आणि मला डिसेंबर आठवला. तेव्हाही मीच डॉक्टर होतो. तेव्हाही जीभ कोरडी होती, आजच्याइतकी नाही, पण होती. थंडीचे दिवस आहेत, पोरगं दणकट आहे, रात्रभरात भरून येईल, असं स्वतःला समजावून मी सही केली. तो गुणांवर जिंकला. त्यानंतर ड्रेसिंग रूममध्ये मी त्याच्या भुवईवरची खोक बघत होतो, तर त्यानं विचारलं, "सर, जिंकलो का मी?" मी हो म्हटलं. दोन मिनिटांनी परत, "जिंकलो का?" मग तिसऱ्यांदा. शेवटचे दोन राउंड त्याला आठवतच नव्हते. मी सीटी स्कॅन करून घेतला, तो स्वच्छ आला. महिनाभर स्पारिंग, म्हणजे सरावातल्या लढती, बंद ठेवायला सांगितलं आणि घरी गेलो. ती सही माझी होती. पाच महिने ती माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती.

रिंगमधले बहुतेक मृत्यू नाक-जबड्यानं होत नाहीत. मेंदू आणि कवटीच्या आवरणाला जोडणाऱ्या बारीक शिरा असतात. डोकं झटक्यानं फिरलं की त्या तुटतात, आतल्या आत रक्त साचत जातं आणि मेंदू दाबला जातो. अंग वाळलेलं असेल तर हा धोका वाढतो, अशी आमच्यातल्या अनेकांची धारणा आहे. आणि पोटातलं पाणी दोन तासांत भरलं म्हणून सगळं शरीर भरून आलं, असं होत नाही. बाकी काही नसलं तरी असा माणूस मंदावतो. मंदावलेला माणूस जो ठोसा एरवी चुकवला असता तो खातो.

मी फॉर्मवर ‘अनफिट’ लिहिलं.

आयोजक आधी गोड बोलले. "डॉक्टरसाहेब, पोस्टर लागलेत, तिकिटं गेलीत. उद्या संध्याकाळपर्यंत चोवीस तास आहेत." मग आवाज चढला. मग मी नाही तर दुसरा डॉक्टर आणतो म्हणाले. मी म्हटलं, आणा, पण माझा कागद मी फाडणार नाही, आणि त्याची एक प्रत रेफरीकडे देऊन ठेवतो.

कोच मात्र ओरडला नाही. त्याचं म्हणणं मला जास्त लागलं. "सर, पैलवान अमन सेहरावतनं पॅरिस ऑलिम्पिकला दहा तासांत साडेचार किलो उतरवलं. सत्तावन्नमध्येच. आन् कांस्य आणलं. त्याला कुणी अनफिट न्हाई केलं."

खरं आहे. आणि त्याच ऑगस्ट २०२४ मध्ये विनेश फोगाटचं पदक शंभर ग्रॅमनं गेलं, तेव्हा आपण सगळे हळहळलो. पण कुस्तीत कुणी डोक्यावर ठोसे मारत नाही, आणि अमनसोबत रात्रभर जागणारी अख्खी टीम होती. आपल्याकडे वधूपक्षाची खोली आणि चिंच आहे. आणि कुस्तीतही सगळं नीटच होतं असं नाही. १९९७ साली अमेरिकेत महिनाभराच्या अंतरात कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना मेले, तेव्हा तिथले नियम बदलले. मी कोचला बॅरी मॅकगिगनची गोष्टही सांगितली. फेदरवेटचा जगज्जेता, आयर्लंडचा. जून १९८६, लास वेगास, उघड्यावर रिंग, आपल्या मे महिन्यासारखं ऊन. पंधरा राउंड उभा राहिला, शेवटच्या राउंडमध्ये दोनदा पडला, किताब गेला आणि पाणी आटल्यामुळे थेट रुग्णालयात न्यावं लागलं. तो जगज्जेता होता, त्याच्या कोपऱ्यात चांगली माणसं होती. तरी अंगातलं पाणी संपलं की संपलं.

कोच गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "तुमचं बरोबर हाय सर. पण ह्याला सांगू कसं?"

सांगायची वेळच आली नाही. बाकावर बसलेला तो हळूहळू एका कुशीला कलंडला.

ओळखीच्या रुग्णालयात भरती केलं. सोडियम वाढलेलं, क्रिएटिनिन दुपटीच्या आसपास. म्हणजे किडनीनं हात वर करायला सुरुवात केली होती. सलाइनच्या दोन बाटल्या संपल्या तरी लघवी नाही. रात्री अकराला झाली, काळ्या चहाच्या रंगाची, अर्धा पेला. मी त्या अर्ध्या पेल्यावर नर्सबाईंचे आभार मानले.

आई-वडील संध्याकाळच्या एसटीनं आले होते. लढत बघायला, पहिल्यांदाच. त्यांना सरळ रुग्णालयात आणलं. माय उशाशी बसली आणि भादरलेल्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. तिनं पहिला प्रश्न केसांचाच केला. आपल्याकडे घरात कुणी गेल्याशिवाय असं डोकं कोण करतं? वडील दारात उभे, टोपी हातात. मी त्यांना व्हरांड्यात घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि एकच विचारलं.

"सायब, ह्यानं उचल घेतली व्हती का?"

मला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांच्या हिशेबात इतकं अंग पिळून कुणी काम करत असेल तर त्यानं उचल घेतलेली असणार. मुकादमाची उचल अंगावर असली की ताप असला, पाठ धरली, तरी फडात उतरावं लागतं. हंगाम अर्धवट सोडता येत नाही. मी आत जाऊन पोराला विचारलं. त्यानं मान हलवली. आयोजकांकडून दहा हजार आगाऊ घेतले होते, बहिणीच्या फीसाठी. घरी सांगितलं नव्हतं.

"मग बराबर हाय," वडील म्हणाले. "उचल घेतली की उतरावंच लागतं." ते रागावले नव्हते. भिंतीला टेकून खाली बसले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "ती म्या फेडतो. तुमी त्याला काय सांगू नका."

सकाळी सहाला राउंडला गेलो तेव्हा मायनं भाकरी दुधात कुस्करली होती. शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधलेली, पण ती मी आणखी दोन दिवस बंद सांगितली. तो खात होता, मान खाली घालून, न बोलता. माझ्याशी तर नाहीच. मी त्याला वॉर्डातल्या काट्यावर उभं केलं. ६१.२.

"साठाच्या वर कोणतं असतं सर?" एवढंच विचारलं.

"लाइटवेट. १३५ पौंड, ६१.२३."

त्यानंतर चार महिने त्याचा फोन नव्हता. आयोजकांनी मला पुन्हा बोलावलं नाही. ती लढत वेगळ्याच खेळाडूला घेऊन झाली. वडिलांनी पैसे फेडले का, कसे फेडले, हे मी विचारलं नाही. दिवाळीनंतर ते कोयता घेऊन कर्नाटकात गेले, एवढं कोचकडून कळलं.

पुढच्या फेब्रुवारीत दुसऱ्या कुणीतरी भरवलेल्या लढतींना मी डॉक्टर म्हणून बसलो आणि यादीत त्याचं नाव दिसलं. लाइटवेट. काट्यावर ६१.०५, पहिल्या फटक्यात. केस वाढलेले. टेबलाशी आला, मी स्टेथोस्कोप कानाला लावायच्या आधी त्यानं जीभ बाहेर काढली.

"बघा सर, वल्ली हाय."

उभं-झोपवून रक्तदाब घेतला, लघवीची पट्टी बुडवली, डोळ्यांत टॉर्च मारला. सगळं घेतलं, एकही गोष्ट सोडली नाही. मग सही केली.

दुसऱ्या दिवशी तो हरला. सहा राउंड, गुणांवर, दोन परीक्षकांनी समोरच्याला दिलं, एकानं याला. समोरचा जन्मजात लाइटवेट होता, हात लांब, याचा जॅब दोन बोटं कमी पडत होता. मी ड्रेसिंग रूममध्ये गेलो तेव्हा ओठ सुजलेला, कोच हाताची पट्टी कात्रीनं कापत होता. मी डोळे तपासले आणि विचारलं, काय काय झालं ते सांग.

पहिल्या राउंडमध्ये त्याचा डावा हात खाली येतो हे मला कळलं, तो म्हणाला. दुसऱ्यात म्या तिथं उजवा दिला. तिसऱ्यात पाय घसरला, दोराजवळ पाणी सांडलं व्हतं. चौथा माझा, सर, चौथा नक्की माझा. पाचव्यात त्यानं पोटावर घातलं तवा श्वास गेला. आन् सहाव्यात… सहाव्याला तो पट्टी सोडवून घेत उभाच राहिला आणि हात वर धरून दाखवायला लागला, कुठला ठोसा कुठून आला ते.