सालासकट

गावाकडची सहल नेणाऱ्याचं निम्मं काम बसच्या डिकीत असतं, हे कुणाला सांगून पटत नाही. सोलां म्हणजे आमसुलं, नारळ, मयड्याची केळी, उकड्या तांदळाची पिशवी, सगळं तिथंच. फणस मात्र मी चढू देत नाही. एसी बसमध्ये पिकलेला फणस शिरला की पणजीपर्यंत चोवीस माणसांची बोलणी मी ऐकायची.

शिमगा नुकताच संपला होता. पुण्याचा ग्रुप घेऊन आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात उतरलो होतो. वाळपईच्या पुढे रस्त्याकडेला एक मावशी बसते. तिच्यापाशी मी दर आठवड्याला गाडी थांबवतो. कमिशन नाही, काही नाही. शहरातल्या दुकानांत ‘अस्सल गोवा काजू’च्या पाटीखाली आफ्रिकेतून आलेली बीसुद्धा फोडून विकली जाते. त्यापेक्षा झाडाखालचं इथंच घ्या, एवढाच माझा हट्ट.

मावशीकडे ओले काजूगर होते. हे सोलणं एकदा बघावं. आधी हाताला राख चोळायची. हिरवी बी कोयत्याच्या पात्यावर धरून उभी चिरायची, टोकदार काडीनं गर अख्खा उचलायचा आणि लगेच पाण्यात टाकायचा. सालीतला चीक बिब्ब्यासारखाच भाजतो. काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. हाच चीक लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, तो कातडीचं काय करत असेल? मावशीची बोटं हंगामभर काळी असतात. गर मोजायचे ते शेकड्यावर. एका वेळी पाच उचलायचे, असं वीस वेळा, आणि वर दोन-तीन तिच्या मनाचे.

“किलोला काय भाव?” ग्रुपमधल्या एका काकांनी विचारलं.

“शेंकडो तीनशें.”

काकांनी हिशेब मांडला. एक गर तीन रुपये! चाळीस मिनिटं उन्हात बसून सोलल्याचे किती, हा हिशेब त्यांनी मांडला नाही. घासाघीस करण्यात आपली माणसं मॉलमध्ये कशी मुकी होतात आणि झाडाखाली कशी बोलकी होतात, हे मी नऊ वर्षं बघतोय. शेवटी त्यांनी तोडगा काढला. “सालासकट द्या शंभरला. सोलायला आम्हाला वेळच वेळ आहे.”

“नाका. हात जळटले.”

तिनं दोनदा नाही म्हटलं. आणि मी, पुढे जेवणाची वेळ ठरलेली म्हणून, म्हणालो, “दी गो मावशे, गाडी रावल्या.”

तिनं माझ्याकडे बघितलं आणि बिया मोजायला घेतल्या. कागदाच्या पुडीत मूठभर राखही बांधून दिली. “लावन सोल म्हण,” असं मला सांगितलं. मी ते बसमध्ये ओरडून सांगितलंही. त्या वेळी अंताक्षरी सुरू होती.

वेळच वेळ होता तो काकांना, पण सोलायला बसल्या काकू. रात्री खोलीत, भाजीच्या सुरीनं. न चिरणाऱ्या बिया त्यांनी दातांनी फोडल्या. सकाळी नाश्त्याला आल्या त्या तोंडावर पदर धरून. ओठ सुजलेले, कडेला फोड, बोटांची टोकं काळी. दवाखान्यात डॉक्टरांनी हात बघितले आणि एकच प्रश्न विचारला, “काजू?” पाच-सहा दिवसांत कातडी निघेल, उन्हात जाऊ नका, म्हणाले. काकूंच्या धबधब्याचं राहिलं. काका जाऊन आले.

राखेची पुडी मला सीटमागच्या जाळीत सापडली, गाठसुद्धा न सोडलेली.

पुढच्या आठवड्यात मी मावशीला सगळं सांगितलं. वाटलं होतं, चार शिव्या देईल. ती एवढंच म्हणाली, “हांवें सांगिल्लें न्हय तुका?” तुका. त्यांना नव्हे, मला. काकांचं गिऱ्हाईक तिला नकोच होतं. त्यांना ती सहज हाकलू शकली असती. मला कशी हाकलणार? दर आठवड्याला बस माझी थांबते.

त्या दिवशी नाशिकचा ग्रुप होता. एका ताईंनी टोपलीतली बी हातात घेऊन विचारलं, “हे असंच सालासकट मिळेल का हो?”

मावशीनं उत्तर देण्याआधी माझ्याकडे बघितलं.