जबाब लिहून घेताना

आज कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात प्रतिज्ञापत्राचा मजकूर सांगताना माझी अशील मारहाणीच्या उल्लेखापाशी थांबली आणि बराच वेळ पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळत राहिली. घरी परतताना रझिया सुलताना आठवल्या. म्यानमारमधील माँगडॉ येथे रोहिंग्या कुटुंबात जन्मलेल्या आणि बांगलादेशात वाढलेल्या या वकील बाईंनी निर्वासितांच्या छावण्यांत अत्याचारग्रस्त स्त्रियांचे जबाब नोंदवले आणि एप्रिल २०१८ मध्ये त्यांची कैफियत थेट संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेसमोर मांडली. पुढे पुरस्कारही मिळाले. मला मात्र कुतूहल आहे ते वेगळ्याच गोष्टीचे. ताडपत्रीच्या खोपटात, शेजारणीला सहज ऐकू जाईल अशा जागी, त्या पहिला प्रश्न कोणता विचारत असतील? मी आज अशिलाला फक्त पाणी दिले आणि पुढची तारीख मागून घेतली.