पायऱ्यांचं जीबीसी, टप्पा चौथा: वेग मोटर नाही, बॉल ठरवतो

जीबीसी म्हणजे ग्रेट बॉल काँट्रॅप्शन: लेगोची यंत्रं ओळीने मांडायची आणि प्रत्येकाने आपल्या टोपलीतले बॉल पुढच्याच्या टोपलीत पोचवायचे. अशा एका यंत्राला मॉड्यूल म्हणतात. आमचं सहा उचलींचं पायऱ्यांचं मॉड्यूल आता सलग चालतं. तीस बॉल टोपलीत एकदम ओतले, तर पहिला बॉल बाहेर पडल्यापासून शेवटचा पडेपर्यंत २६ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला साधारण १.१५ बॉल. जीबीसीच्या प्रमाण नियमात सरासरी सेकंदाला एक बॉल आणि एका वेळी जास्तीत जास्त ३० बॉल अशी अट आहे. त्यात हे बसतं, पण फार ऐसपैस नाही. मागच्या टप्प्यात हाच आकडा एकच्या खाली घुटमळत होता. तेव्हा मोटर बदला, गिअर बदला असे सल्ले आले. दोन्ही करून पाहिलं, दुखणं तिथे नव्हतंच.

आधी मापं, म्हणजे पुढचं बोलणं कळेल. टोपली बाहेरून १० बाय १० स्टड (स्टड म्हणजे लेगोच्या विटेवरचा गोल उंचवटा, माप म्हणून ८ मिमी), आतून ८ बाय ८, उंची १० विटा म्हणजे ९६ मिमी. बॉल लेगोचाच, १४ मिमी व्यासाचा. टोपलीचा तळ तोंडाशी ५७.६ मिमीवर, म्हणजे सहा विटांवर घेतला आहे. आधी तो तीन विटांवर होता. त्यामुळे आठ उचली लागत होत्या आणि यंत्र ३२ स्टड लांब झालं होतं. तळ वर घेतल्यावर आत ३८ मिमी खोली उरते. तीस बॉल जेमतेम दोन थरांत मावतात, त्यामुळे तेवढी खोली पुरते. दोन उचली वाचल्या आणि लांबी २४ स्टडवर आली.

पायऱ्या एकाआड एक, एक स्थिर आणि एक वरखाली चालती. स्थिर ७, चालत्या ६. प्रत्येक पायरी २ बाय ४ च्या दोन विटा एकावर एक आणि वर २ बाय ४ ची बिनस्टडची गुळगुळीत टाइल, म्हणजे एकूण २६ विटा आणि १३ टाइल. टाइल अत्यावश्यक आहे, उघड्या स्टडवर बॉल अडखळून बसतो. स्थिर पायऱ्या दोन्ही भिंतींना बांधलेल्या आहेत. चालत्या सगळ्या खालून एकाच सांगाड्यावर उभ्या आहेत, त्याला आम्ही फणी म्हणतो. (सोलापुरात लिहितोय म्हणून खुलासा: इथे फणी मागाची नव्हे, आणि पुढे बीम येईल तो भोकांचा टेक्निक बीम, सुताचा नव्हे.) दोन स्थिर पायऱ्यांतलं उंचीचं अंतर ४ प्लेट (प्लेट म्हणजे विटेच्या एक तृतीयांश उंचीची), १२.८ मिमी. फणी वरखाली करणारी क्रँक (फिरता हात) एका स्टडची, म्हणजे त्रिज्या ८ मिमी आणि फणीची धाव १६ मिमी. १६ वजा १२.८ म्हणजे ३.२. चालती पायरी तळाला असताना मागच्या स्थिर पायरीपेक्षा १.६ मिमी खाली जाते आणि माथ्यावर पुढच्या स्थिर पायरीपेक्षा १.६ मिमी वर येते. सगळं यंत्र या १.६ मिमीवर चालतं.

बॉल पुढे घरंगळावा म्हणून यंत्राचा सगळा सांगाडा टोपलीकडून ४ प्लेटने उचलला आहे. १९२ मिमीत १२.८ मिमी, म्हणजे ३.८ अंशांचा उतार. सहा उचली मिळून ७६.८ मिमी चढ मिळतो, त्यातले १२.८ उतार खातो, उरतात ६४. टोपलीच्या ५७.६ मध्ये ते मिळवले की बॉल १२१.६ मिमीवर पोचतो. पुढे २४ स्टडची पन्हळ, दर ८ स्टडला एक प्लेट उतार, म्हणजे ९.६ मिमी वजा. पन्हळीचं तोंड ११२ वर, पुढच्या टोपलीचा काठ ९६ वर, मधे १६ मिमी. यापेक्षा उंचावरून सोडला तर बॉल टोपलीत उसळी मारून बाहेर जातो, कमी ठेवलं तर पन्हळीचा तळ काठाला घासतो.

आता वेगाचं. चालती पायरी माथ्यावर जितका वेळ त्या १.६ मिमीच्या पट्ट्यात असते, तेवढ्याच वेळात बॉलने पुढच्या पायरीवर सरकायचं असतं. नुसत्या क्रँकचा हिशोब केला तर फेरीतले सुमारे ७४ अंश वर आणि तेवढेच खाली मिळतात. पण कनेक्टिंग रॉड, म्हणजे क्रँक आणि फणी जोडणारा दांडा, आखूड आहे. पाच भोकांचा बीम, टोकाच्या भोकांतलं अंतर ३२ मिमी, क्रँकच्या चौपटच. आखूड रॉडमुळे वाटणी बिघडते: तळाला सुमारे ८४ अंश, माथ्यावर सुमारे ६६. म्हणजे अडचण नेहमी माथ्यावर येते. खाली बॉल निवांत उतरतो.

क्रँक मिनिटाला ४४ फेऱ्या फिरते, त्या वेगाला ६६ अंश म्हणजे पाव सेकंद. ३.८ अंशांच्या उतारावर भरीव गोळा तेवढ्या वेळात साधारण साडेचौदा मिमी घरंगळतो. बॉल पुढच्या पायरीच्या उभ्या भिंतीला टेकून वर आलेला असतो, त्यामुळे त्याचा मध्य कडेपासून ७ मिमी मागे असतो. सात हवेत, साडेचौदा मिळतात, बॉल आरामात जातो. आता १२ आणि ३६ दाती गिअरांची जोडी लावून मिनिटाला ७३ फेऱ्या करा. पाव सेकंदाचे ०.१५ होतात आणि घरंगळणं पाच मिमीच्या आसपास येतं. मध्य कडेपलीकडे जातच नाही, पायरी खाली उतरते आणि बॉल तिच्याबरोबर मुकाट परत येतो. बघणाऱ्याला वाटतं यंत्र जोरात चाललंय. पायऱ्यांवर बॉल नुसते वरखाली करत असतात, गड्ड्याच्या जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखे, आणि पन्हळीत काही पडत नाही.

म्हणून लेगोची एक्सएल मोटर. ताकदीसाठी नव्हे, ताकद कितीतरी जास्त आहे. फणीचं वजन ११० ग्रॅम, क्रँकवर भार जेमतेम ०.९ न्यूटन-सेंटीमीटर. एक्सएल घेतली कारण ती ९ व्होल्टला मोकळी मिनिटाला २२० फेऱ्या फिरते आणि पाचास एक गुणोत्तरात थेट ४४ मिळतात. एम मोटर ४०० च्या वर फिरते, तिला आणखी एक टप्पा लागला असता.

पाचास एक आधी ८ आणि ४० दाती जोडीने घेतलं होतं, दोन गिअरांच्या मध्यांतलं अंतर ३ स्टड. चालत होतं, पण बॉल कडेत सापडला की काहीतरी मोडायचं. कधी टाइल उखडायची, कधी क्रँकचा अ‍ॅक्सल पिळवटायचा. आता दोन टप्पे केले: १२ वर २०, मग ८ वर २४. दोन्ही जोड्यांत मध्यांतलं अंतर २ स्टड, एकूण गुणोत्तर तेच. फरक एवढाच की शेवटचं २४ दाती गिअर पांढरं क्लचचं, म्हणजे ठरावीक जोरापलीकडे घसरणारं आहे, ज्यावर २.५ ते ५ न्यूटन-सेंटीमीटर लिहिलेलं असतं, आणि ते थेट क्रँकच्या अ‍ॅक्सलवर बसतं. ८ मिमीच्या क्रँकवर याचा अर्थ जास्तीत जास्त सव्वासहा न्यूटन. बॉल अडकला की क्लच टिकटिक करतो आणि यंत्र वाचतं. हाच क्लच मोटरच्या बाजूला लावला तर गुणोत्तरामुळे क्रँकवरचा जोर पाचपट होतो, मग तो असून नसल्यासारखा. जागा चुकवू नका.

फणी एकाच अ‍ॅक्सलवरून उचलली तर टोकं लोंबतात. १.६ मिमीच्या हिशोबात एका टोकाला २ मिमी लोंबणं म्हणजे ती पायरी गेलीच. त्यामुळे क्रँकचे दोन अ‍ॅक्सल, १२ स्टड अंतरावर, प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी एक क्रँक. दोन अ‍ॅक्सल जोडायला २४ दाती पाच गिअर ओळीने: चार जोड, प्रत्येकी ३ स्टड, बरोबर १२, आणि संख्या विषम असल्याने दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरतात. ओळीतलं पहिलं गिअर क्लचच्याच अ‍ॅक्सलवर, पण साधं. जोडताना एक दात चुकला तर १५ अंशांचा फरक पडतो, मधल्या उंचीवर दोन मिमीचा. फणी तिरकी होते आणि दिवाळीत ओढलेल्या जुन्या कपाटाच्या खणासारखी अडकते. जुळवायची रीत अशी: चारही क्रँक तळाला आणा, फणी टेबलावर टेकवून चारही रॉड एकेक करून लावा. शेवटचा रॉड न ओढता-ताणता बसला तर जुळलं. जोर लावावा लागला तर काढा आणि एक दात सरकवा. फणीचं मार्गदर्शन चार उभ्या अ‍ॅक्सलांवर, गोल भोकांतून. पायऱ्यांच्या विटा एकमेकींना घासून सरळ राहतील या भरवशावर राहू नये, त्या भिंती भार घेण्यासाठी नाहीत.

टोपलीच्या तोंडाची कटकट सर्वांत जुनी. तोंड ४ स्टड म्हणजे ३२ मिमी रुंद, दोन बॉल शेजारी २८ मिमी. दोन्ही बाजूंनी सारखा उतार दिला की तीन बॉलांची कमान होते आणि मागचा माल थांबतो. हात लावला की कमान मोडते, म्हणून कारण लवकर सापडत नाही. उपाय: एक भिंत सरळ, दुसरी तिरपी. शिवाय फणीपासून एक दांडा टोपलीच्या तळाखाली नेऊन सरळ भिंतीशी २ बाय २ चा ठोकळा दर फेरीला एक विटेएवढा वर येईल असा ठेवला. ठोकळा मधोमध ठेवला तर उपयोग कमी, तो कमानीला खालून टेकूच देतो. एका कुशीला ठेवायचा.

वीज. सहा अल्कलाइन सेल म्हणजे ९ व्होल्ट. चार्ज होणारे सेल १.२ चे, सहांचे ७.२. फेऱ्या ३५ वर येतात आणि तीस बॉलांना ३२ सेकंद लागतात, म्हणजे प्रमाणाच्या खाली. घरी चाचणीला ९ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर बरा. पॉवर फंक्शन्स या लेगोच्या मोटर-मालिकेची जोडतार कापून घेतली तर चार तारांपैकी मधल्या दोन मोटरच्या असतात. उलट्या लावल्या तर मोटर उलटी फिरते, बाकी काही होत नाही. या यंत्राला दिशेचंही सोयरसुतक नाही, पायऱ्या दोन्हीकडे सारख्याच चालतात.

धुळीचं वेगळं सांगायला हवं. दोन विटांमधली फट ०.२ मिमीची. एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी, प्लास्टिकवर घर्षणाने वीज साचते, आणि यंत्रमागाच्या गल्लीत राहत असाल तर सुताचा भुरका दारातून येतोच. तो बॉलला चिकटतो, बॉलवरून पायऱ्यांवर, तिथून फटीत. लक्षण म्हणजे क्लच अधूनमधून एकदाच टिक करतो, अडकलेला बॉल मात्र कुठे दिसत नाही. कोरड्या मऊ ब्रशने फटी साफ करा, बॉल साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. तेल अजिबात नको. मागावर दर पाळीला तेल सोडायची सवय असलेल्यांचा हात आपोआप वळतो, तो आवरावा. तेलावर भुरका बसला की त्याची लुगदी होते. मॉड्यूल प्लायवर मांडा. चादर किंवा टॉवेल अंथरायचाच असेल तर आवाज कमी करायला प्लायच्या खाली, वर नको.

गोट्या चालतील का, हे दर वेळी विचारलं जातं. नेहमीची काचेची गोटी १६ मिमीची असते. दोन शेजारी आल्या की ३२ मिमीच्या वाटेत पाचर बसते, आणि वजन वेगळंच. नाही चालणार. स्वस्त प्लास्टिकचे बॉल घेतलेच तर प्रत्येक बॉल व्हर्नियरने दोन दिशांनी मोजा. साच्याची शिवण उभी असेल तर बॉल ३.८ अंशांवर जागीच थांबतो.

पुढच्या टप्प्यात रॉड पाचऐवजी सात भोकांचा करायचा आहे, अंतर ४८ मिमी. माथ्यावरचे अंश ६६ वरून ६९ च्या आसपास जातील. फार नाही, पण सहाव्या पायरीवर अजून दहा-बारा फेऱ्यांत एखादा बॉल परत येतो, त्याला तेवढं पुरावं. रॉड लांबला की फणी १६ मिमी वर सरकते, त्यामुळे आधी क्रँकचे दोन्ही अ‍ॅक्सल दोन स्टड खाली घ्यावे लागतील, आणि तिथे सध्या २४ दाती गिअर तळाला टेकायला आलेलं आहे. सगळा सांगाडा दोन विटांनी उचलला तर टोपलीचा तळही वर येतो आणि आतली खोली १९ मिमी उरते, तीस बॉलांना ती पुरत नाही. त्यामुळे आधी ती पाच गिअरांची ओळ बाजूला काढून भिंतीच्या बाहेर न्यायची.