एक फाइल आणि अख्खी दुपार

आजची दुपार एका फाइलने खाल्ली. नवाकोरा उबुंटू (लिनक्स) सर्व्हर, सेटअपची स्क्रिप्ट माझीच, लॅपटॉपवर शंभरदा चाललेली. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं साधन) ओपनसीव्ही, म्हणजे चित्रं-व्हिडिओ हाताळणारं पॅकेज, निमूट बसवलं, शेवटी हिरव्या अक्षरांत 'सेटअप पूर्ण' आलं, मी चहाला गेलो. परत येऊन बघतो तर प्रोग्रॅम पहिल्याच इम्पोर्टला, म्हणजे ओपनसीव्ही आत घेतानाच, आडवा: 'लिबजीएल डॉट एसओ डॉट १' ही ग्राफिक्सची सिस्टिम फाइल सापडत नाही म्हणे.

पिप बिचारं पायथनची पॅकेजं बघतं. खाली सिस्टिमच्या लायब्रऱ्या आहेत की नाहीत, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. लॅपटॉपवर डेस्कटॉप असल्याने ती फाइल आयती मिळत होती. सर्व्हरला ना स्क्रीन ना ग्राफिक्स, तिथे कुठून येणार? एखाद्या फाइलला कुठल्या लायब्रऱ्या लागतात ते दाखवणारं एलडीडी ओपनसीव्हीच्या फाइलवर चालवलं, तर त्या नावापुढे सरळ 'नॉट फाउंड'. हे दोन तास आधी सुचलं असतं तर!

ओपनसीव्हीची हेडलेस, म्हणजे स्क्रीनवर खिडक्या न दाखवणारी आवृत्ती टाकली, काम झालं. मग स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच कर्ल, अनझिप, गिट ही स्क्रिप्टला लागणारी साधनं आहेत का ते तपासायला लावलं आणि शेवटी खरोखरचा इम्पोर्ट. तो फसला तर हिरवी ओळ नाही. रिकाम्या कंटेनरवर, म्हणजे जास्तीचं काहीच न बसवलेल्या वेगळ्या कप्प्यात, चालवून बघितलं. अनझिपच नव्हतं!