आधी गाडीचा आवाज ठरवा

"'नाइट रायडर' या जुन्या मालिकेवर आज सिनेमा काढायचा झाला, तर तिचा नायक मायकेल नाइट कुणाला करशील?" हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतोच. कधी मालिका बदलते, 'मॅकगायव्हर' होते, 'एअरवुल्फ' होते, पण प्रश्न तोच. मी सबटायटल्स लिहून पोट भरते आणि जुन्या अमेरिकन मालिकांचं काम माझ्याकडे बरंच येतं. त्यामुळे लोकांना वाटतं, हिच्याकडे नटांची यादी तयारच असणार. मी मात्र उलट विचारते, "ते राहू दे, किटचा, म्हणजे त्याच्या बोलक्या गाडीचा आवाज कुणाचा?" की समोरचा हिरमुसतो. त्याला उंची, केस आणि चामडी जाकीट यांवर बोलायचं असतं.

तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा बैजवार सांगते.

मालिका सुरू होते तेव्हा भूमिका अर्धीमुर्धीच असते. लेखक पहिले दहा-बारा भाग चाचपडतात, नटाला काय जमतंय ते बघतात आणि मग त्याच्या मापाने वाक्यं बेततात. माझ्या कामात हे अगदी उघड दिसतं. पहिल्या सीझनला सबटायटलच्या दोन्ही ओळी काठोकाठ भरलेल्या असतात. तिसऱ्या सीझनला त्याच माणसाचं एका शब्दात भागतं, कारण बाकीचं त्याची भुवई बोलते. सिनेमाकडे दोन तास असतात. त्यात कोण काय मुरणार? म्हणून जुन्या नटासारखा दिसणारा नट शोधणाऱ्यांचा हमखास घोटाळा होतो. चेहरा मिळतो, पण त्यामागचे शंभर भाग कुठून आणायचे?

'द ए-टीम' घ्या. मूळ मालिका 1983 ते 1987. चौघं माजी सैनिक, न केलेल्या गुन्ह्यासाठी फरारी, आणि अडल्यानडल्यांची कामं करणारे. 2010 च्या सिनेमात वेचून माणसं घेतली होती. जॉर्ज पेपर्डच्या जागी सिगार ओढणारा लियम नीसन, मिस्टर टीच्या जागी रॅम्पेज जॅक्सन हा पिंजऱ्यातल्या झुंजी लढणारा खराखुरा लढवय्या, शिवाय ब्रॅडली कूपर आणि शार्ल्टो कोप्ली. एकेकटा बघितला तर एकही चुकलेला नाही. तरी काहीतरी हुकलं, आणि काय हुकलं ते मला पुन्हा मालिका लावल्यावर कळलं. ही टोळी कशी जमली आणि का पळतेय, हे मालिकेतला निवेदक सुरुवातीलाच अर्ध्या मिनिटात उरकतो. सिनेमाने त्याच अर्ध्या मिनिटात मुक्काम ठोकला. मालिकेची गंमत पुढे असायची. कुठल्यातरी गोदामात चौघांना कोंडायचं, आत वेल्डिंगचं सामान आणि पत्रे सापडायचे, आणि पुढची चार मिनिटं ते ठोकाठोकी करून ट्रकचा रणगाडा बनवायचे. संवाद जवळजवळ नाहीत, म्हणजे माझ्यासाठी सुट्टीच. चार माणसं एकमेकांना न विचारता हत्यारं देताघेताना दिसायची. मिस्टर टीच्या गळ्यातल्या साखळ्यांपेक्षा मला ती देवाणघेवाण महत्त्वाची वाटते, आणि नेमकी तीच सिनेमात धावपळीत विरघळली. (मालिकेत एवढ्या गोळ्या झाडूनही माणूस सहसा मरत नसे. गाडी हवेत उडून उलटी पडली तरी चारही दारांतून लोक कपडे झटकत बाहेर यायचे. यावर लोक हसतात. मला ती सभ्यता वाटते.)

याच्या अगदी उलट उदाहरण 'द इक्वलायझर'. 1985 ते 1989 या काळात एडवर्ड वुडवर्ड हा पांढऱ्या केसांचा ब्रिटिश नट रॉबर्ट मॅकॉल करायचा. लांब कोट, जॅग्वार गाडी आणि वर्तमानपत्रातली एक छोटी जाहिरात. 2014 मध्ये ती भूमिका डेन्झेल वॉशिंग्टनकडे गेली. वंश वेगळा, बोली वेगळी, राहणी वेगळी, आणि पेशा म्हणाल तर घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातली नोकरी. 2021 मध्ये नवी मालिका आली, तिच्यात तर मॅकॉल ही बाई आहे, क्वीन लतीफा. तिघांत बाहेरून काहीच साम्य नाही, तरी माणूस एकच वाटतो. कारण तिघंही आधी ऐकतात. डेन्झेल रात्री डायनरमध्ये येतो, रुमालात गुंडाळून आणलेली स्वतःची चहाची पिशवी काढतो, पुस्तक उघडतो आणि शेजारच्या मुलीचं बोलणं ऐकत राहतो. मारामारी पुष्कळ नंतर. त्या नटाने वुडवर्डची नक्कल केली असती तर दहा मिनिटांत उघडा पडला असता. त्याने वुडवर्डचं ऐकणं तेवढं उचललं.

पण माझं आवडतं उदाहरण 'द फ्युजिटिव्ह'. बायकोच्या खुनाच्या खोट्या आरोपातून निसटलेला डॉक्टर रिचर्ड किंबल आणि त्याच्या मागावर असलेला पोलीस अधिकारी जेरार्ड. मालिका 1963 ते 1967, एकूण 120 भाग, किंबलच्या भूमिकेत डेव्हिड जॅन्सन. 1993 मध्ये सिनेमा आला तेव्हा चर्चा अर्थातच हॅरिसन फोर्डची. फोर्ड चांगलाच आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण सिनेमा कुणाचा? ऑस्कर मिळालं पाठलाग करणाऱ्या टॉमी ली जोन्सला. 1998 चा पुढचा सिनेमा काढला तोही त्याच्या पात्रावर, त्यात किंबल नाहीच!

इथे निवड करणाऱ्यांनी जे केलं ते बघण्यासारखं आहे. मालिकेतला बॅरी मोर्सचा जेरार्ड एकटा, आतल्या आत धुमसणारा. कैदी त्याच्या हातून निसटला होता, ते त्याला डाचत असायचं. तो आठवड्यातून एकदा भेटत असेल तर ठीक. सलग दोन तास असा माणूस असह्य झाला असता. म्हणून जोन्सला हाताखाली माणसं दिली, थट्टामस्करी दिली आणि डाचणं काढून घेतलं. धरणाच्या बोगद्यात किंबल त्याला सांगतो की खून मी केलेला नाही, आणि हा म्हणतो की त्याच्याशी मला काही देणंघेणं नाही. हे वाक्य मराठीत कसं बसवायचं यावर माझा एक अख्खा दुपारचा वेळ गेला होता. 'मला फिकीर नाही' म्हटलं तर तो मग्रूर वाटतो. 'माझा प्रश्न नाही' म्हटलं तर कारकून. शेवटी 'मला कर्तव्य नाही' लिहिलं. त्यात त्याचा थंडपणा आला आणि पुढे हाच माणूस खरा प्रकार शोधून काढणार आहे, ही गंमतही त्यात दडली. बोगद्यातून पुढे हळूहळू त्याला कर्तव्य वाटू लागतं, त्याचाच तो सिनेमा आहे.

'मिशन: इम्पॉसिबल'ने तिसरीच वाट धरली. 1996 च्या सिनेमात जुन्यांपैकी एकच पात्र घेतलं, गुप्तहेरांच्या टोळीचा म्होरक्या जिम फेल्प्स, आणि त्यालाच गद्दार ठरवलं. मालिकेत वर्षानुवर्षं फेल्प्स झालेल्या पीटर ग्रेव्हजने ती भूमिका नाकारली, मग ती जॉन व्हॉइटने केली. जुन्या प्रेक्षकांना ते झोंबलं, मलाही झोंबतं. पण नाव नवं, माणूस नवा, कुणाशी तुलनाच नको, ही युक्ती म्हणून बिनतोड होती. टॉम क्रूझचा हा नवा नायक ईथन हंट 2025 पर्यंत आठ सिनेमे पळाला, उगाच नाही. फक्त त्यात टोळीचा खेळ एका माणसाचा झाला, एवढं मी कायम कुरकुरत राहणार.

विनोदाची वाट मला फारशी रुचत नाही. '21 जम्प स्ट्रीट' (2012) जमला, कारण जुनं भंगार पुन्हा विकायला काढलंय हे त्यातलं पात्रच तोंडावर बोलून टाकतं. 'चिप्स' (2017) मात्र मूळ मालिकेची लाज वाटत असल्यासारखा वागतो. 'वाइल्ड वाइल्ड वेस्ट'चं तर काय सांगावं! 1999 च्या त्या सिनेमाला वर्षातल्या सर्वात वाईट कामाचे राझी पुरस्कार मिळाले तेव्हा ते घ्यायला मूळ मालिकेचा नायक रॉबर्ट कॉनराड स्वतः गेला होता. सिनेमाबद्दल त्याचं मत काय होतं, ते सगळ्यांना कळलं.

आता आवाजाकडे. 'चार्लीज एंजल्स' या तीन महिला गुप्तहेरांच्या मालिकेत त्यांचा मालक चार्ली कधीच दिसत नाही, टेबलावरच्या स्पीकरमधून फक्त त्याचा आवाज येतो. 1976 मध्ये तो आवाज जॉन फोर्साइथचा होता. 2000 च्या सिनेमात तिन्ही एंजल्स नव्या, कपडे नवे, मारामारी तारांवर लटकून केलेली, आणि स्पीकरमध्ये पुन्हा फोर्साइथच. मला वाटतं, त्या सिनेमातली सगळ्यात शहाणी निवड तीच.

आणि किट. 1982 मध्ये गाडी बोलते हाच चमत्कार होता. आज फोन बोलतो, घड्याळ बोलतं, गाडी तर चुकीच्या गल्लीत नेऊन बोलते. मग नव्या किटने काय करायचं? रस्ता सांगणं पुरणार नाही. त्याला स्वभाव पाहिजे. मूळ मालिकेत विल्यम डॅनियल्सने आवाज दिलेला किट नीट ऐका. त्याला आपल्या रंगाचा अभिमान आहे, चिखलाचा तिटकारा आहे, मायकेलच्या गाण्यांच्या आवडीबद्दल मत आहे. मायकेल काहीतरी अचाट करायला निघाला की किट आधी गप्प बसतो. सबटायटलमध्ये ती जागा मी कोरी ठेवते; तेवढ्या अर्ध्या सेकंदात त्याची सगळी नापसंती असते. मग एक नाकात बोललेलं, व्याकरणशुद्ध वाक्य येतं. डॅनियल्स आपली वाक्यं वेगळी स्टुडिओत जाऊन ध्वनिमुद्रित करायचे, त्याच काळात दुसऱ्या एका मालिकेत तिरसट सर्जनचं काम करायचे, आणि 'नाइट रायडर'च्या श्रेयनामावलीत त्यांनी स्वतःचं नाव येऊ दिलं नाही. 2008 मध्ये मालिका नव्याने आली तेव्हा गाडी मस्टँग होती आणि आवाज व्हॅल किल्मरचा. किल्मर मोठाच नट, पण तो किट फार समजूतदार होता. समजूतदार गाडीशी भांडण होत नाही. ती मालिका एका सीझनमध्ये आटोपली.

(मॅकगायव्हरबद्दलही विचारता, म्हणून सांगते: तिथे मी नटाचे हात बघेन. 1985 च्या पहिल्याच भागात तो आम्लाची गळती चॉकलेटच्या वड्यांनी बुजवतो आणि कॅमेरा त्याच्या बोटांवर खिळलेला असतो. ॲडम ड्रायव्हरने एका सिनेमात बसचालक केला होता. स्टिअरिंगवरचे ते संथ, मोठाले हात मला चालतील. बंदूक तेवढी देऊ नका, मॅकगायव्हर बंदूक वापरत नाही.)

तर किटसाठी माझं नाव ठरलेलं आहे: डेव्हिड हाइड पीअर्स. 'फ्रेझर'मधला नाइल्स, खुर्चीवर बसण्याआधी ती रुमालाने पुसणारा. त्या आवाजात चिखलाचा तिटकारा आपोआप येतो. शिवाय 2004 च्या 'हेलबॉय'मध्ये एब सेपियन या पात्राला त्याने आवाज दिला आणि श्रेय घ्यायला नकार दिला, कारण मुखवट्याच्या आत राबणाऱ्या डग जोन्सचं ते काम आहे, असं त्याचं म्हणणं होतं. नाव न लावता काम करून घरी जाणारा दुसरा माणूस.

मायकेल कोण? ग्लेन पॉवेल चालेल. नाहीतर ज्याच्या तारखा मिळतील तो.